भागोजीचा माड

इतिहासाला त्याचे हरवलेले रंग परत देणं हे स्वतंत्र देशातल्या प्रत्येक सुजाण नागरिकाचं आद्य कर्तव्य आहे. हे मत माझं नाही. मुंबईहून व्ही.पी.च्या टपालाने आलेल्या रंगांच्या पेटीतल्या माहितीपत्रकावर ते छापलेलं होतं, आणि त्याखालच्याच ओळीत 'पेटी कोणत्याही सबबीवर परत घेतली जाणार नाही' असंही होतं. दोन्ही वाक्यं मला पुढे पटली. दुसरं आधी पटलं.

पंचावन्न सालची गोष्ट. मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली होती. रत्नागिरीत निवृत्त माणसाने बंदरावर जावं, बोट किती उशिरा आली ते घड्याळात बघावं आणि घरी येऊन बायकोला सांगावं, याहून जास्त अपेक्षा समाज त्याच्याकडून करत नाही. मी करत होतो, ती चूक. जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोंवर कापसाने रंग चढवायचा, की इतिहास जिवंत होतो, अशी जाहिरात मी वाचली आणि पेटी मागवली. पहिला प्रयोग आमच्या लग्नाच्या फोटोवर केला. गोदाच्या शालूला रंग बरा बसला, पण माझ्या चेहऱ्याला काविळीची कळा आली. गोदाने फोटो निरखून पाहिला.

"अहो, लग्नात तुम्ही असेच दिसत होतात," ती म्हणाली. "मी म्हटलं, दिव्यांचा उजेड असेल."

तो फोटो हल्ली भिंतीकडे तोंड करून असतो.

माझा खरा डोळा होता तो ओटीवरच्या दुसऱ्या फोटोवर. तीस साली आमच्या गावातले अकरा प्रतिष्ठित गृहस्थ भाट्याची खाडी ओलांडून पलीकडे गेले आणि त्यांनी सरकारचा कायदा मोडून मीठ उचललं. उचललं म्हणजे प्रत्येकी मूठभर, त्यातली निम्मी वाळू. त्या प्रसंगाचा हा फोटो, हातभर रुंद, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. अकराही जण डावीकडे, क्षितिजावर, स्वातंत्र्य येत असल्यासारखे बघतायत. उजव्या टोकाला बारावा माणूस आहे, भागोजी तरीवाला. याच्याच होडीतून सगळे खाडीपार गेले. मिठाची कढई यानेच डोक्यावरून नेली, कारण बाकीच्यांच्या गळ्यात हार होते आणि वाकलं की फुलं गळत होती. उघडाबंब, काळाकुळकुळीत, उंच, हातात वल्हं. तो सरळ कॅमेऱ्याकडे बघतोय. क्षितिजाकडे बघायचं असतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मी फोटोत नाही. सरकारी नोकर मी, माझं तिथे काय काम? पण फोटो काढणारा माझा मावसभाऊ होता आणि त्याच्या कॅमेऱ्यावर छत्री धरायला माणूस हवा होता. उन्हं आमच्या पाठीमागून येत होती. त्यामुळे फोटोत खाली, वाळूवर, छत्रीसकट एक काळी सावली पडलेली आहे. स्वातंत्र्यलढ्यातला माझा वाटा तो तेवढाच, पण आहे.

मूळ काचेची प्लेट मावसभावाच्या मांजरीने पाडली. जगात प्रत उरली ही एकच. सत्तेचाळीसपर्यंत ती मी आरशाच्या मागे दडवली होती. पुढे ऑगस्टच्या सोळा तारखेला ओटीवर लावली. पंधराला नाही लावली. पंधराला अजून खात्री नव्हती.

हा फोटो लागल्यापासून त्याला एकच नियमित प्रेक्षक होता. भागोजीची बायको हौसा. ती एक दिवसाआड मासळी घेऊन येई, पाटी पायरीवर ठेवी, आणि पाटीवरचं फडकं सोडायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ भिंतीकडे बघे. भागोजी जाऊन तेव्हा बावीस-तेवीस वर्षं झाली होती. त्याचा दुसरा फोटो नव्हता. त्यांचा मुलगा बाबू बाप गेला तेव्हा रांगत होता, आणि बारा वर्षांचा झाला तेव्हा मामाबरोबर मुंबईला गोदीत गेला. शिमग्याला दोन दिवस येई तो खाडीपलीकडच्या वाडीतच राही. बापाचा चेहरा त्याला आठवत नव्हता, आणि हा फोटोही त्याने पाहिलेला नव्हता.

फोटो मी खाली उतरवला त्या दिवशी हौसाने फडकं सोडलंच नाही.

"काय करताव ह्याचं, दाजी?"

"रंग देणार. इतिहास जिवंत करणार."

"म्हंजे काय व्हनार?"

"म्हणजे झाड हिरवं, पाणी निळं. माणसं जशी होती तशी दिसतील."

तिने फडक्याची गाठ पुन्हा घट्ट केली. मग म्हणाली, "मे म्हैन्यात बाबूचं लगीन हाय. हळदीच्या आदी बापाच्या पाया पडाया नको? मांडवात ह्यो फोटू एक दिस द्याल?"

"एक दिवस काय, दोन दिवस ने," मी म्हणालो. मी उदार माणूस आहे. दिलेला शब्द आठवतोही मला. त्याचाच तर त्रास आहे.

लग्नाच्या फोटोनंतर माझ्या हातात कापूस द्यायला गोदा तयार नव्हती, म्हणून मी पूर्णगडच्या सुलेमानला बोलावलं. सुलेमान मचव्यांच्या नाळेवर, म्हणजे शिडाच्या होड्यांच्या पुढच्या टोकावर, नावं रंगवायचा. त्याआधी तीन वर्षं मुंबईत एका फोटो स्टुडिओत रंगाचंच काम करून आला होता. नोकरी का सोडली विचारलं तर म्हणाला, "थंय लोकां मेलेल्या मानसाचे गाल लाल करा म्हनायची. मचवा असला हट नाय करत."

माझ्या सागवानी स्टुलावर फोटो टेकवून तो समोर मांडी घालून बसला. (हे स्टूल चांगलं उंच आहे. कचेरीच्या लिलावात घेतलेलं. वरच्या फळीवरची दप्तरं काढायला होतं. त्याची आठवण ठेवा.) काडीला कापूस गुंडाळायचा, रंगाचा ठिपका लावायचा आणि गोल गोल चोळायचं, अशी ती पद्धत. मी मागे उभा राहून सूचना करत होतो.

"दाजी, भिऊ नका," तो म्हणाला. "तेलाचा रंग हाय. चुकला तर टरपेंटाइनचा बोळा फिरवायचा, खालचा फोटू जसाच्या तसा. दोन-तीन म्हैने तरी निघतो. मंग मातर धरून बसतो."

पेटीत 'अंगाचा रंग' म्हणून एकच नळी होती. ती बहुधा विलायतेतल्या अंगांसाठी असावी. त्या नळीने अकराही जण असे गुलाबी झाले, की मीठ उचलायला कलेक्टरसाहेब भावंडांसकट आलेत असं वाटावं. उजव्या टोकाला पोचल्यावर सुलेमान थांबला.

"ह्या मानसाचा रंग पेटीत नाय."

"बारा नळ्या आहेत ना?"

"पूर्णगडात पायजे तेवढा हाय. पेटीत नाय. ऱ्हाऊ दे, हा हाय तसाच बरा हाय."

इथवर सगळं घरगुती होतं. इथेच थांबायला हवं होतं. पण शेजारच्या रावजीशेठनी कुंपणावरून पाहिलं.

रावजीशेठ हे अकरांपैकी पहिले, डावीकडून. तेव्हा कापडाचे व्यापारी, आता नगरपालिकेच्या रौप्यमहोत्सव समितीचे अध्यक्ष. मीठ उचलल्याला पंचवीस वर्षं होत होती आणि मुंबईहून मंत्री यायचे होते. "दाजी," ते गहिवरून म्हणाले, "हा फोटो तुमचा नाही. हा राष्ट्राचा आहे." मला भरून आलं. माझी एखादी वस्तू राष्ट्राची आहे असं मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. फोटोखाली 'दाजींच्या सौजन्याने' अशी पितळी पट्टी लावायचंही त्यांनी कबूल केलं, आणि मी नगरपालिकेकडे रीतसर अर्ज केला.

उत्तर आलं की, रंगवायच्या फोटोच्या तीन प्रती अर्जासोबत जोडाव्यात. मी कळवलं, प्रत एकच आहे. त्यावर प्रत एकच असल्याचा दाखला तीन प्रतींत मागवला गेला. तो दिल्यावर रंग-उपसमिती नेमली गेली. तिच्यात पाच सभासद होते, त्यांतले चार फोटोत होते आणि पाचव्याचे सासरे. तिच्या सभा माझ्याच ओटीवर, सुलेमानच्या समोर होऊ लागल्या.

पहिला प्रश्न टोप्यांचा. फोटोत पाच काळ्या टोप्या, तीन पगड्या, एक रुमाल, एक बोडकं डोकं आणि रावजीशेठांची सोला हॅट होती. ठराव असा झाला की, सर्वांनी पांढऱ्या टोप्या घातल्या होत्या. सुलेमानने हॅटची कड खोडली तेव्हा रावजीशेठांचं कपाळ एकदम तीन बोटं वाढलं. "तेज आलं," ते म्हणाले. मग त्यांच्या मँचेस्टरच्या कोटाची खादी झाली. फोटोतल्या निशाणावर चरखा होता, त्याचं चक्र झालं. मी म्हटलं, हे चक्र तीस साली नव्हतं. उपसमितीने मला विचारलं की, मी चक्राच्या विरुद्ध आहे का. मी निवृत्तिवेतनावर जगतो. मी चक्राच्या बाजूने मत दिलं.

"मूठ तेवडी खोडली," सुलेमान मला हळूच म्हणाला. "चरख्याचा चक्र कराया येळ नाय लागत."

मग एक सभासद वाकून म्हणाले, "हा खाली काळा डाग कसला?"

"डाग नाही," मी म्हणालो. "तो मी आहे."

"छत्री आहे वाटतं. अशुभ दिसते. इथे फुलं घाला."

भाट्याच्या खाऱ्या वाळूत झेंडूचा ताटवा फुलला. माझ्या छातीवर सात गोंडे आले. माणसाचा अपमान त्याच्या तोंडावर होतो हे मी ऐकून होतो, सावलीवर झालेला पहिल्यांदाच पाहिला.

आणि शेवटी भागोजी. बाजारात जांभ्याच्या चौथऱ्यावर काळ्या दगडाची शिळा बसवून झाली होती, आणि तिच्यावर कोरलं होतं, 'अकरा वीर'.

"शिळेवर अकरा, फोटोत बारा," रावजीशेठ म्हणाले. "मंत्र्यांनी मोजले तर?"

"मंत्री कुठे मोजत बसणार?"

"हे निवडून आलेले आहेत दाजी, ह्यांना मोजता येतं."

"मग शिळा बदला."

"शिळा दगडाची आणि फोटो कागदाचा. बदलायला सोपं काय?"

तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा सभेत उभा राहिलो. म्हणालो, "भागोजी तीन महिने तुरुंगात होता. तुम्हा बाराजणांत तोच एकटा गेला होता."

कुणीतरी खाकरलं. रावजीशेठ शांतपणे म्हणाले, "म्हणूनच म्हणतो. मंगल प्रसंगी तुरुंगाचा विषय नको." आणि मग, माझ्याकडे न बघता, "कचेरीच्या दप्तरात अकरा कागद आहेत म्हणतात. अक्षर मोठं सुरेख आहे म्हणे."

मी खाली बसलो.

आता सांगायलाच हवं. मीठ उचललं त्याच दुपारी बाराही जणांना कचेरीत आणलं होतं. मामलेदार भला माणूस. म्हणाला, माफी लिहून द्या आणि घरी जेवायला जा. जेवणाची वेळ टळून गेली होती. अकरा वीरांनी माझ्याकडे पाहिलं. माझं अक्षर साऱ्या तालुक्यात नावाजलेलं. मी अकरा माफीनामे लिहिले, एकेकाला वेगळा मायना, रावजीशेठांच्या कागदावर तर 'अजाणतेपणी' हा शब्द दोनदा. त्यांनी सह्या केल्या आणि ते गेले. भागोजी बाहेर व्हरांड्यात होडीची दोरी वळत बसला होता. त्याला कुणी आत बोलावलंच नाही. माझ्या लक्षात आलं तेव्हा शाई वाळली होती, मलाही भूक लागली होती, आणि मामलेदाराने त्याला विचारूनही टाकलं होतं.

"माफी मागतोस?"

"कसली?" भागोजीने विचारलं.

त्याला खरंच माहीत नव्हतं. लोकांना पलीकडे पोचवणं हा त्याचा धंदा होता. याला उद्धटपणा ठरवून तीन महिने दिले. परत आला तो खोकत आला, आणि दोन पावसाळे काढून गेला. बारावा कागद लिहायला मला चार मिनिटं लागली असती.

तर सह्या त्यांच्या आणि अक्षर माझं. त्यांना मी उघडं पाडू शकत होतो आणि मला ते. अशा वेळी दोन्ही बाजू जे करतात ते आम्ही केलं. आम्ही सर्वानुमते ठराव केला. भागोजीचा माड करावा.

सुलेमानने हातातली काडी खाली ठेवली. "दाजी, मानसाचा माड करू?"

"ठराव झालाय," मी म्हणालो. सव्वीस वर्षांच्या नोकरीत ही दोनच अक्षरं... छे, हे दोन शब्द मी सर्वांत जास्त वापरले असतील.

तो पुष्कळ वेळ फोटोकडे बघत बसला. मग त्याने काम केलं, आणि चांगलं केलं. उंच, काळं अंग तसंच राहिलं. खोडाला रंग जवळजवळ लागलाच नाही. चेहऱ्यावर हिरव्या झावळ्या आल्या. वल्ह्याची एक झावळी झाली, वाऱ्याने कललेली. मी जन्मभर माड पाहिलेत, इतका सरळ उभा राहिलेला माड पाहिला नाही.

हौसाला मी काहीच सांगितलं नाही. ती यायची, मोकळ्या भिंतीकडे बघायची. "झाला काय रंगवून?" "होतोय." मग फोटो नगरपालिकेत गेला, आणि 'होतोय' म्हणायची सोय गेली, तेव्हा मी मागच्या दाराने बंदरावर जाऊ लागलो. मासळी गोदा घेई. एक दिवस गोदा म्हणाली, "ती फोटोचं विचारत होती. मी काय सांगू?"

"सांग, राष्ट्राचा झालाय."

"तुम्हीच सांगा. मला हसू आवरायचं नाही. किंवा दुसरं काहीतरी आवरायचं नाही."

समारंभ मेच्या दुसऱ्या आठवड्यात नगरपालिकेच्या सभागृहात झाला. फोटोला कुणी हात लावू नये म्हणून तो नऊ फूट उंचीवर टांगायचा ठराव होता. हातभर फोटो नऊ फुटांवर लावला की खालून तो जुन्या कॅलेंडरासारखा दिसतो. चौकटीला काच नव्हती. काच मुंबईहून मागवली होती, ती बोटीतून उतरवताना फुटली, आणि दुसरी शुक्रवारच्या बोटीने यायची होती. पितळी पट्टीही काचेबरोबरच येणार होती, तेव्हा माझं सौजन्यही समुद्रातच होतं.

मंत्र्यांनी दोरी ओढली, पडदा पडला, टाळ्या झाल्या. त्यांनी मान वर करून डोळे बारीक केले. मोजले असावेत, कारण समाधान दिसलं.

"वा," ते म्हणाले. "माड फार सुंदर आलाय. कोकणचं वैशिष्ट्य आहे."

रावजीशेठ लाजले. सगळं सभागृह माडाकडे बघून प्रसन्न झालं. मी मागे दाराशी उभा होतो. माझ्या पुढ्यातच हौसा होती, नवं लुगडं नेसलेली, आणि तिच्या शेजारी एक उंच, काळा तरुण. त्याच सकाळच्या बोटीने उतरलेला. तो हलक्या आवाजात विचारत होता, "आये, ह्यातला कंचा?"

हौसा फोटोकडे डावीकडून बघत गेली. एक गुलाबी माणूस, दुसरा गुलाबी माणूस, असे अकरा झाले. मग तिची नजर टोकाला जाऊन थांबली. मला वाटलं, आता ही बोंब मारील, आणि खरं सांगतो, मारावी असंही वाटलं. तिने बोट वर केलं.

"त्यो."

"त्यो तं माड हाय."

"हां. त्योच."

बाबू खूप वेळ वर बघत राहिला. मग म्हणाला, "उंच व्हता."

मी चहाला थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दाराने निसटत होतो, तर हौसा मागच्याच दाराशी बसलेली. पाटी शेजारी. मी तयारीचा माणूस आहे. रात्रभर मजकूर जुळवून ठेवला होता. 'अजाणतेपणी' हा शब्द त्यात एकदाच होता.

"हौसा," मी सुरुवात केली, "त्या दिवशी कचेरीत जे झालं, आणि आता जे झालं, त्याबद्दल मी तुझी..."

"दाजी, ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "त्यानं बी नाय मागितली, तुमी बी नका मागू."

तिने पाटीवरचं फडकं सोडलं. आत मासळी नव्हती. कापसाचे चार बोळे होते, आणि बूच मारलेली एक चपटी बाटली. बाटलीला मचवे रंगवणाऱ्याच्या बोटांचे ठसे होते आणि तिचा वास मी ओळखला.

"सुलेमानानं दिलान. खोडाला हात लावू नको म्हनला, वरच्या झावळ्याच तेवड्या फुसायच्या. काच उद्याच्या बोटीनं येतंय. हळद परवा. थंयचा शिपाई दुपारचा जेवाया घरी जातो, तवर बाबू पाया पडून व्हईल." तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या मागे, ओटीच्या कोपऱ्याकडे.

"फकस्त हात पोचत नाय. तुमचं ता उंच स्टूल वाईच द्याल?"